तानसेकाठचं ऊन पाणी

आज पहाटे साडेपाचला आईला घेऊन ठाण्याहून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. तिचे गुडघे दुखतात, म्हणून बरेच दिवस तिच्या मनात होतं. कुंडात पाय सोडल्यावर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मी तेवढ्यात शेजारच्या तानसा नदीच्या पात्राकडे गेलो.

काळा कातळ, त्यातून जाणारं गार पाणी, आणि काही पावलांवर जमिनीतून येणारं कढत पाणी! इथे जागता ज्वालामुखी कुठेच नाही. हा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो केव्हाच थंड झालाय. पाणी तापतं ते खोलीमुळे. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खाली उतरतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून तेच पाणी वर येतं. म्हणजे आई ज्यात पाय सोडून बसली होती तो कधीचातरी जुना पाऊसच.

वज्रेश्वरी, गणेशपुरीपासून थेट राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे, सह्याद्रीला समांतर. उन्हेरे, उन्हवरे ही गावांची नावंसुद्धा या ऊन पाण्यावरूनच पडलेली. मला हे फार आवडतं.

कुंडाच्या कडेला शाम्पूच्या रिकाम्या पुड्या होत्या. फार वाईट वाटलं. सापडल्या तेवढ्या पिशवीत भरून आणल्या.

परतताना आई म्हणाली, "पुढच्या वेळी मावशीलाही आणू."