तुम्ही विचारलंत म्हणून: पोरावर खुनाचा आरोप आला तर आधी काय करायचं?

सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पोलिसांनी खुनाच्या गुन्ह्यात नेलं की घरचे हेच विचारतात. वकील गाठाच, पण घरातल्या एकाने मागे राहून जन्मतारखेचे कागद शोधायचे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सगळं वयावर ठरतं, तेही घटनेच्या दिवशीच्या. शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरेसा मानला नव्हता. शाळेत घालताना तारीख पुढेमागे केली असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगून टाका.

अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं बघणाऱ्या न्यायपीठापुढे, हजर करावं लागतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

खुनातही जामीन मिळू शकतो. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा त्यालाच धोका आहे, अशा कारणांनी मंडळ तो नाकारतं. म्हणून अर्जात लिहा: कुठल्या गावी, कोणाकडे राहील, शिक्षणाचं काय, लक्ष कोण ठेवणार. "आम्ही सांभाळू" एवढ्याने भागत नाही.

परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती बघून मंडळाला अहवाल देणारा अधिकारी, चौकशीला येतो तेव्हा अब्रूपायी घरातलं झाकू नका. मारझोड, दारू, डोक्याला झालेली जुनी इजा, मानसोपचार, सगळं सांगा, कागद दाखवा. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे मंडळ प्राथमिक मूल्यमापनातून, म्हणजे मुलाची समज आणि परिस्थिती तपासून, ठरवतं, आणि तिथे हाच तपशील कामाला येतो. निर्णय विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस असतात.

निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात तिथे, भेटलात की "खरं सांग, तू केलंस का?" हे विचारू नका. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. आईबापांना मात्र साक्षीला बोलावता येतं. जेवलास का, झोप लागते का, कुणी मारलं का, एवढं विचारा.

त्याच्या मोबाइलमधलं काही पुसू नका, तो वेगळा गुन्हा होईल. मयताच्या घरी माफी मागायलाही जाऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी साक्षीदारांवर दबाव टाकला असं म्हणतील.

धाकट्या भावंडांना आपणच थोडक्यात सांगावं, नाहीतर वर्गात कळतं. कुणी खोदून विचारलं तर म्हणायला एक वाक्य द्या: "घरच्यांनी बोलू नको सांगितलंय."