ठकीची कात आणि साठ डॉलरचा ‘कदाचित’

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पांडूसाठी मादी शोधतोय. ती येऊन आता साडेतीन महिने झाले आणि निकालही हातात आलाय, तेव्हा ही नोंद जरा लांबणार. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: पांडू हा माझा पायबाल्ड (थोडक्यात पाइड, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेला) बॉल पायथन, म्हणजे छोटा आफ्रिकन अजगर, नर, वय दोन वर्षं, वजन ७४० ग्रॅम. आम्ही नेपरव्हिलला राहतो, शिकागोच्या पश्चिमेला. साताऱ्याहून आई फोन करते तेव्हा सापाचं नाव घेत नाही, “लांबड्यानं खाल्लं का?” एवढंच विचारते.

ऑक्टोबर

टिनली पार्कला एनएआरबीसीचा, म्हणजे साप-सरडे पैदा करणाऱ्या ब्रीडरांचा, शो मार्चमध्ये असतो आणि ऑक्टोबरमध्ये. आमच्याकडून गाडीनं पाऊण तास. हॉलभर टेबलं, टेबलांवर पारदर्शक डब्या, प्रत्येक डबीत एक वेटोळं आणि झाकणावर चिठ्ठी. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा ती चिठ्ठी वाचताच येत नव्हती. १.० म्हणजे नर, ०.१ म्हणजे मादी, एवढं कळायलाही तासभर गेला.

या खेपेला बघितलेले भाव, सगळे त्याच उन्हाळ्यातल्या पिल्लांचे: साधं नॉर्मल ४० डॉलर. पास्टेल (पिवळसर उजळ रंगाचा प्रकार) मादी ९०. पास्टेल मादी, पाइडची ६६ टक्के पॉसिबल हेट (म्हणजे काय ते खाली सांगतो), १५०. तीच शंभर टक्के हेट, २००. डोळ्यांना दिसणारी पाइड मादी ३५० च्या पुढे. नर सगळीकडेच स्वस्त, कारण एक नर चार माद्यांना पुरतो.

पायबाल्ड हा गुण पिढीजात उतरतो हे अमेरिकन ब्रीडर पीट काल यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं, तेव्हा एकेक पिल्लू हजारो डॉलरना जायचं. आज माझ्यासारखा पगारदार माणूस ते घेऊ शकतो. मादी एका वेळी चार ते आठ अंडी घालते, आज पिल्लू घेणारा तीन वर्षांनी स्वतःच टेबल मांडून बसतो, आणि मग भाव टिकायचा कसा? त्यामुळे “इन्व्हेस्टमेंट आहे” म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या टेबलापाशी मी थांबत नाही. हा प्राणी पंचवीस-तीस वर्षं जगतो. मॉर्फचा, म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकाराचा, भाव पाच वर्षंही टिकत नाही.

पाइडमध्ये पांढरं जास्त तर पैसे जास्त, असाही एक हिशेब चालतो. डोळ्यांना आवडलं म्हणून जास्त द्यायचे तर द्यावेत. पण पिल्लंही तेवढीच पांढरी निघतील या आशेवर देऊ नयेत, आईबापांचं पांढरं पिल्लांत तसंच्या तसं उतरत नाही.

मी काय घेतलं? सगळं माहीत असून मधली घेतली. ६६ टक्केवाली.

हे ६६ येतं कुठून ते एकदा सांगतो, कारण पुण्याच्या एका मित्राला ती ‘शुद्धता’ वाटली होती, सोन्याच्या कॅरेटसारखी. आईबाप दोघंही हेट, म्हणजे पाइडचं एकेक जनुक पोटात घेऊन बसलेले पण अंगावर काही न दाखवणारे. त्यांच्या चार पिल्लांत सरासरी एक पाइड, दोन हेट, एक कोरं. पाइड दिसतंच, ते बाजूला काढलं. उरलेल्या तिघांत दोघं हेट आहेत, पण कोणती दोन ते बघून कळत नाही. म्हणून तिघांच्याही डबीवर ६६ टक्के. पिल्लू दोन तृतीयांश हेट नसतं, ते एकतर असतं नाहीतर नसतं.

म्हणजे ९० च्या पास्टेलवर १५० ची चिठ्ठी होती, तेव्हा वरचे साठ त्या ‘कदाचित’चे होते.

ब्रीडरनं तिला हातात उलटी धरली आणि पोटाच्या कडांनी शेपटीकडे जाणाऱ्या दोन गडद रेघा दाखवल्या. “ट्रॅक्स बघ. हेटच आहे ही.” रेल्वेच्या रुळांसारख्या त्या रेघा पाइडच्या हेटमध्ये बऱ्याचदा दिसतात हे खरं. पण त्या कोऱ्या पिल्लांतही दिसतात, आणि हे मला ठाऊक होतं. तरी मान डोलावली. घासाघीस करून दहा डॉलर कमी केले आणि आपण शहाणे ठरलो असं वाटून घेतलं.

बाकीच्या गोष्टी मात्र नीट तपासल्या. खाल्ल्याची नोंद मागितली: अंड्यातून आल्यापासून सात वेळा खाल्लेलं, शेवटचे चार फ्रोझन रॅट पप (गोठवलेली उंदराची पिल्लं), कोमट करून दिलेले. समोर लिंग तपासून घेतलं. नाकपुड्यांशी बुडबुडे नाहीत, डोळ्याभोवती माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) नाहीत, हातात घेतल्यावर अंग पिळदार. वजन ११८ ग्रॅम. स्पायडर नावाच्या मॉर्फचं जनुक नाही हे तर पहिल्याच प्रश्नात विचारलं. स्पायडरमध्ये डोकं हलतं, तोल जातो, कधी कधी भक्ष्यावरचा नेम चुकतो, आणि ते जनुकाबरोबरच येतं. माझ्या घरी ते येणार नाही, फुकट दिलं तरी.

शेजारच्या टेबलावर बनाना मॉर्फचे साप होते, पिवळेधमक, आणि दोन सारख्याच दिसणाऱ्या नरांत १०० डॉलरचा फरक. महाग होता तो फीमेल मेकर. बनानाचं जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं असतं. नराला ते आईकडून आलं असेल तर तो पुढे बहुतेक मुलींना देतो, बापाकडून आलं असेल तर मुलांना. पाळणाऱ्यांना हे अनुभवानं कळलं होतं, पण सापांची गुणसूत्रं सरसकट पक्ष्यांसारखी (वेगळी जोडी मादीत, नरात नाही) धरली जात असल्यानं हिशेब जुळत नव्हता. अजगरांत आपल्यासारखेच एक्स-वाय असतात हे संशोधनात दिसलं २०१७ मध्ये.

नोव्हेंबर–डिसेंबर

मुलीनं नाव ठेवलं ठकी. ठकीचा टब पाहुण्यांच्या खोलीत, नव्वद दिवस क्वारंटाइन. खाली पांढरा किचन पेपर, कारण त्यावर माइट असेल तर काळा ठिपका लगेच दिसतो. आधी पांडूचं सगळं आवरायचं, मग ठकीचं, उलटं कधीच नाही. गरम बाजूला ३१-३२ अंश, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. पहिले अकरा दिवस तिनं काही खाल्लं नाही. बाराव्या रात्री पप नाकापुढे धरल्यावर इतक्या जोरात झेप घेतली की चिमटा हातातून सुटला.

डिसेंबरात कात टाकली, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. डोळ्यांवरचे दोन्ही पापुद्रे कातीत होते, ते नेहमी मोजून बघावेत. त्या कातीनंच हा सगळा घोळ मिटवला.

कातीवरून जनुक तपासता येतं. २०२२ मध्ये मिशिगनमधल्या संशोधकांनी पाळणाऱ्यांकडूनच काती मागवून अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो आणि अल्ट्रामेल यांची जनुकं शोधली. पायबाल्डचा धागा २०२३ मध्ये टीएफईसी या जनुकापाशी पोचला. तळहाताएवढा तुकडा वाळवून पाकिटात घातला आणि पन्नासएक डॉलर भरून प्रयोगशाळेला धाडला.

जानेवारी

निकाल आला: पाइडचं जनुक नाही. कोरी.

ब्रीडरला कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं, “६६ म्हणजे ६६.” बरोबरच आहे. चिठ्ठीवर खोटं काही लिहिलेलं नव्हतं. रेघा दाखवून तोंडी जे सांगितलं ते चिठ्ठीवर नव्हतं, एवढंच.

तपासणी केली नसती तर काय झालं असतं ते बघा. ठकीला दीड किलोची व्हायला तीन वर्षं. मग पांडूशी जोडी, साठएक दिवस इन्क्युबेटर, आणि अंडी फुटल्यावर सहाच्या सहा बिनपांढरी. तेव्हाही आपण ‘नशीब’ म्हणून पुढचं वर्ष थांबलो असतो. साठ डॉलरचा ‘कदाचित’ आणि पन्नासची तपासणी धरली तर शंभर टक्के हेट मादी मला तेवढ्यातच मिळत होती.

ठकी कुठे जात नाही. वजन आज २३६ ग्रॅम, क्वारंटाइन संपलं, माइट नाहीत. पांडूबरोबर तिची सगळी पिल्लं शंभर टक्के हेट होतील, निम्मी पास्टेल, आणि तसं मी डबीवर बेधडक लिहू शकेन. पाइड बघायला मात्र आणखी एक पिढी.

जाता जाता, पुण्या-नाशिकच्या तिघांनी विचारलंय म्हणून: तिथे नाग, धामण, आपला अजगर, यातलं काहीही पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसलेलं पिल्लू कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

पांडूनं नाताळापासून तोंड मिटलंय. थंडीत नर असे उपास धरतात, वजन फक्त १८ ग्रॅम उतरलंय, म्हणून मी स्वस्थ आहे. आई नाही.

मार्चच्या शोसाठी ३५० डॉलर बाजूला ठेवलेत. या वेळी दिसणारी पाइड मादीच घेणार, पांढरं कमी चालेल, पण २०० ग्रॅमच्या वरची आणि फ्रोझन रॅट खाणारी हवी. इलिनॉय-विस्कॉन्सिनकडे कुणाच्या बघण्यात असेल तर शोच्या आधी कळवा.