माझं टेबल कुठं की ओ?

दुपारची जेवणं उरकलेली असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या ऑफिसात एक माणूस टेप घेऊन शिरतो, भिंतीची लांबी घेतो आणि काही न बोलता निघून जातो. चहाच्या वेळेपर्यंत अफवेत दोघांची बदली झालेली असते, एकाची नोकरी गेलेली असते. ऑफिसच्या मांडणीतल्या फेरबदलाचं पहिलं परिपत्रक म्हणजे तो टेप. म्हणून माप घ्यायच्या आधीच चार ओळी सांगून टाकाव्यात: काय बदलणार, कशासाठी, केव्हा, आणि विचारायचं कुणाला. जे ठरलं नाही ते 'अजून ठरलं नाही' असंच लिहावं.

"सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की" असा कागद मला तरी पुढं वाचवत नाही. त्यात आसनव्यवस्था असते, खुर्ची नसते. माणसाला हवं असतं एवढंच: माझं टेबल कुठं जाणार की ओ? खिडकी राहणार का? पंखा डोक्यावर येतोय का? मोबाइलला प्लग?

आराखडा लावायचा तर ए-थ्री कागदावर, नावांसकट. आर्किटेक्ट उत्तर दिशा वर धरून काढतो. दार उत्तरेला असलं की आत येणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं, आणि अकाउंट्सवाले आपल्याला संडासाशेजारी टाकलं म्हणून धुमसत बसतात. तेव्हा दार कागदाच्या खालच्या कडेला घ्यावं; पाण्याचा फिल्टर, खांब, जिना ठळक काढावेत. त्याहून बरं म्हणजे फरशीवर चिकटपट्टीनं खरं माप मारणं. चार बाय दोन फुटांचं टेबल, मागं खुर्ची सरकवायला तीन फूट. कागदावर ऐसपैस दिसणारी वाट कपाटाचं दार उघडलं की अडते. हे गवंडी यायच्या आधी कळलेलं बरं.

कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही मजकूर एकाच कागदावर असावेत. वेगवेगळे लावले की पुढं गेलेली तारीख एकावर दुरुस्त होते, दोनांवर तशीच राहते. तारखेवरून आठवलं, आपल्याकडच्या जुलैत रंगकामाची तारीख कुणी छातीठोकपणे देऊ नये. पुट्टी वाळतच नाही.

खोक्यावर माणसाचं नाव आणि नव्या टेबलाचा नंबर, दोन्ही लिहायचे, तेही बाजूला. वर लिहिलेलं खोकी रचल्यावर दिसत नाही. ड्रॉवरची किल्ली मात्र ज्याच्या त्याच्या खिशात.

एवढं करूनही भिंतीवरच्या तसबिरी आराखड्यात नसतातच. गणपती, शिवाजी महाराज, बसवेश्वर, बाबासाहेब. भिंत पाडणार म्हटल्यावर त्या जाणार कुठं, हे आधी सांगायला हवं, नाहीतर सोमवारी कामाला हात लावायच्या आधी तोच प्रश्न येतो. फ्रेमा लहानमोठ्या असतात. वरच्या कडा एका रेषेत घेतल्या की कोण वर, कोण खाली हा वाद तरी मिटतो. मधे कुणाला लावायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.