सासूबाईंची पंचाहत्तरी, मनिलात

सासूबाईंची पंचाहत्तरी आज आम्ही मनिलातल्या एका जुन्या फिलिपिनो खानावळीत साजरी केली. लांब टेबलावर केळीची पाने अंथरून, मधोमध भाताची रास आणि भोवती भाजलेली मासळी, कोळंबी, वांगी मांडून सर्वांनी मिळून हाताने जेवण्याच्या पद्धतीला इथे ‘कामायान’ म्हणतात. ‘कामाय’ म्हणजे हात. वाढदिवसाला दीर्घायुष्यासाठी ‘पान्सित’ या लांब शेवया खातात आणि त्या तोडत नाहीत, हे कळल्यावर सासूबाईंनी त्या (काहीशा कसरतीनेच) अखंड संपवल्या. चिंचेचे आंबट सार ‘सिनिगांग’ आम्हा सर्वांना आवडले, पण त्यांचे मन रमले ते नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांत, म्हणजे ‘लाइंग’मध्ये. ‘आपल्या फदफद्यासारखा गूळ हवा होता,’ एवढाच शेरा मारून त्यांनी ते तिसऱ्यांदा वाढून घेतले.