तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॉटवाला वकील देवस्थानांच्या फायलीत काहून?

बाररूममध्ये, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीतही तोच प्रश्न. 'वकीलसाहेब, खरेदीखतांची चालती कामं असताना देवस्थानं अन् मंडळांच्या फायली काहून घेऊन बसता?' काहींना वाटतं, मला निवडणूक लढवायची आहे. नाही लढवायची. जमिनीची कामंही सोडलेली नाहीत, घर त्यावरच चालतं.

2008 साली दारव्ह्याकडच्या एका लेआउटचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी तपासल्याचा अहवाल, मी दिला. तीस वर्षांची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातली व्यवहारांची सूची), सातबारा, जुने फेरफार, सगळं पाहिलं. मालक एक घराणं, बोजा नाही. 'टायटल निर्वेध', म्हणजे मालकीत खोट नाही, असं लिहिलं, सही-शिक्का केला. जमीन देवस्थानाची निघाली. देवाच्या वतीनं शेत सांभाळणाऱ्या वहिवाटदाराचं नाव मालकाच्या रकान्यात चढत गेलं होतं. देवस्थानं-संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, परिशिष्ट 1 मध्ये, तेच शेत देवाच्या नावावर होतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेली विक्री टिकत नाही.

ती नोंदवही पाहायची आमच्याकडे पद्धतच नव्हती, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं नाही ते. पण मी जागेवर गेलो होतो. तुरीच्या तासाला लागून धुऱ्यावर शेंदूर फासलेला दगड होता, समोर नारळाची ताजी करवंटी. शेजारचा माणूस म्हणाला, 'हे तं महाराजाचं वावर हाय.' ऐकलं मी. रिपोर्टात एक ओळही लिहिली नाही.

मग एक निवृत्त कंडक्टर आले. फंडाच्या पैशातून प्लॉट घेतलेला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी माझाच रिपोर्ट काढला. घडीवर फाटलेला, सेलोटेप लावलेला. 'मले जमिनीचं काय समजते साहेब? हा शिक्का पाहून पैसे देल्ले.' फी लेआउटवाल्यानं दिली होती, यांनी नाही, हे मी तेव्हा मनाशी घोकलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हापासून या फायली घेतो. विश्वस्त वारून पंधरा वर्षं होतात, तरी नवा विश्वस्त नोंदवायचा कलम 22 चा बदल अर्ज झालेला नसतो. मुदत 90 दिवसांची आहे. अशाच फटीतून जमिनी जातात. 'पुढाऱ्यांच्या संस्था वाचवता' म्हणता, तर हो, कधी कधी तेही होतं.

आणि मागच्या उन्हाळ्यात एक बाई ऑफिसात आल्या. 'तीन पिढ्या आमी वाहिलं, आता सातबाऱ्यावर देवाचं नाव लावून आमाले काढता काय?' मी पाणी दिलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

त्याच कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर विशेष परिस्थितीत मागाहून मंजुरी मागता येते. विश्वस्तांच्या मागे लागून त्या प्लॉटांसाठी अर्ज करायला लावला. तारखा पडताहेत. कंडक्टर प्रत्येक तारखेला पहिल्या गाडीनं येतात, ती पिशवी सोबत असते.