ब्यासकुंड राहिलं: धुंडीच्या पुढून परत

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डोंबिवली-ठाण्याचे आम्ही सहाजण मनालीहून ब्यासकुंडला (ब्यास नदीच्या उगमाचं तळं) निघालो आणि हिमस्खलनाच्या, म्हणजे उतारावरचा बर्फ घसरून कोसळण्याच्या, भीतीनं वाटेवरच्या धुंडीच्या जरा पुढून परत आलो.

सह्याद्रीत वाट चुकली की आपण नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, शोधतो. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं चढलेल्या माणसाला तर नाळ दिसली की हुरूपच येतो. मलाही आला. समोर बर्फानं भरलेली गुळगुळीत घळ, बाजूच्या सोंडेपेक्षा कितीतरी सोपी. गाइड म्हणाला, "सर, ये बर्फ का रास्ता है, हमारा नहीं."

दोनच दिवसांपूर्वी जोरदार बर्फ पडला होता. आता ऊन लख्ख, म्हणून आम्ही निर्धास्त. पण मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले 24 ते 48 तासच हिमस्खलनाच्या दृष्टीनं सर्वांत वाईट. गाइडनं फावड्यानं कंबरभर खड्डा खणला. वरचा वीतभर थर वडीसारखा घट्ट, खाली जाड्या साखरेसारखे सुटे दाणे. मूठभर घेऊन लाडू वळायला गेलो तर सगळे बोटांतून गळाले. असल्या पायावर वरचा थर बसलेला! शंभरएक पावलं गेलो असू, पायाखाली 'व्हुम्म' असा दबका आवाज आला आणि बर्फात एक चीर सरसरत गेली, म्हणजे खालचा सुटा थर ढासळला होता. कुणी काही न बोलता आम्ही मागे वळलो.

जाणाऱ्यांनी 30 ते 45 अंशांचे उतार टाळाच, त्यांच्या पायथ्याशी जेवायलाही बसू नका. उतार मोजायला मोबाइलमधलं ॲप पुरतं. पैसे भरण्याआधी विचारा: प्रत्येकाला बीकन (गाडलेल्या माणसाचा माग लावणारं, सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं मिळणार का? गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधराएक मिनिटांत निघाला तरच आशा बरी, म्हणजे काढणार सोबतचेच. आम्ही आधी अक्सा बीचच्या वाळूत पिशवीत बीकन पुरून सराव केला (पोरांना वाटलं, खजिना शोधतायत). पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली! मोबाइल बीकनपासून दूर ठेवा, सिग्नल बिघडतो. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा निघण्याआधी बघा.

आणि परतीचं तिकीट दोन दिवस उशिराचं काढा. आमच्यातला एकजण "सोमवारी ऑफिस आहे, आज उरकून टाकू" म्हणत होता, तेही खड्डा पाहिल्यावर.

उरलेला दिवस वशिष्ठच्या गरम पाण्यात बसून काढला. कुंड झालं म्हणायचं.