शिरोरेघ आहे, काने गायब (धूड : नोंद ९)

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की पुढच्या वेळी पॉवर सप्लायचा पंखा बदलणार. तो अजून घरघरतोय. मधल्या आठ दिवसांत माझ्या सगळ्या संध्याकाळी एका भलत्याच भुताने खाल्ल्या, आणि काल रात्री पावणेएकला ते भूत उतरलं. हातात सोल्डरिंग गन न घेता उतरलं, हे विशेष. (ती आता घ्यावी लागणार आहे, पण ते शेवटी.)

झालं असं. गेल्या शनिवारी धूडावर (म्हणजे माझ्या संगणकावर) डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १२ चं १३ केलं. पॅकेजं मुकाट्याने उतरली, मुकाट्याने बसली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं ते थेट १०२४×७६८ मध्ये. बावीस इंची मॉनिटरवर ताणून बसवलेलं १०२४×७६८ कसं दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळी खिडकी जाडजूड, जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर, आणि 'क्ष' म्हणजे शाईचा ठिपका. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये यादी १०२४ च्या वर जायला तयार नाही.

नव्यांसाठी दोन ओळी: एच६१ बोर्ड, आय३-२१००, आठ जीबी रॅम, प्रोसेसरमधलंच इंटेल एचडी २०००. मॉनिटर १९२०×१०८० चा, पण मशीन आणि मॉनिटरच्या मध्ये दोन तोंडांचा केव्हीएम (एकच मॉनिटर दोन मशीनांत फिरवणारं खोकं), कारण टेबल एक आणि संगणक दोन. केव्हीएममधून व्हीजीएची केबल. हो, तीच जुनी अॅनालॉग व्हीजीए. हसून घ्या.

पहिला संशय ड्रायव्हरवर, तुमच्या-माझ्या सगळ्यांचा जातो तसा. पहिली संध्याकाळ मी त्यातच घालवली. एलएसमॉडने बसलेल्या ड्रायव्हरांची यादी काढली, इंटेलचा आय९१५ हजर. जीएलएक्सइन्फोला चित्र कोण रंगवतं ते विचारलं, रेंडरर म्हणून मेसा आणि एचडी २००० चं नाव, म्हणजे थ्रीडीही हार्डवेअरवरच. इथेच थांबायला हवं होतं. पण कुठल्यातरी जुन्या चर्चेत 'नोमोडसेट घाला' असं वाचलं आणि ग्रबमध्ये (बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळीत) घातलं. नोमोडसेट म्हणजे कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगणं की पडद्याचा मोड तू ठरवू नकोस. मग आय९१५ बसतच नाही. त्या बूटमध्ये रेंडररच्या जागी एलएलव्हीएमपाइप आलं, म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर स्वतःच्या हाताने रंगवतोय. साधी खिडकी सरकवली तरी दोन्ही कोर घामाघूम. रिझोल्यूशन तर सुधारलं नाहीच. नोमोडसेट हा काळा पडदा आला तर आत शिरण्यापुरता मागच्या दाराचा रस्ता आहे, इलाज नाही, हे मी याआधी दोनदा इथे लिहिलंय. तिसऱ्यांदा स्वतःसाठी लिहिते.

दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं. १०२४×७६८ हा आकडा आकाशातून पडत नाही. मॉनिटर स्वतःची कुंडली, म्हणजे ईडीआयडी, केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून पाठवतो. ती कुंडली मिळाली नाही की कर्नेल घाबरून १०२४×७६८ पर्यंतचेच मोड दाखवतो. म्हणजे ड्रायव्हर निर्दोष, पत्रिका हरवलेली. आणि पत्रिका कोण हरवतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं: केव्हीएम. म्हणूनच तर डेबियन १२ वर मी ग्रबमध्ये डीआरएमचा (कर्नेलच्या डिस्प्ले विभागाचा) ईडीआयडी-फर्मवेअर पॅरामीटर घालून ठेवला होता, व्हीजीए-१ ला '१९२०×१०८०' नावाची फाइल द्यायला सांगणारा. ती ओळ अजून जागेवर होती. मग चालत का नव्हती?

कर्नेलचा लॉग चाळला. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला लाल अक्षरांत: ईडीआयडी फर्मवेअर मागितलं, मिळालं नाही, एरर -२. उणे दोन म्हणजे फाइलच नाही. कशी असेल? मी ती कधी ठेवलीच नव्हती!

आणि तेव्हा ट्यूब पेटली. डेबियन १२ वर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये माझ्या मॉनिटरचं नाव 'लिनक्स एफएचडी' असं दिसायचं. वर्षभर ते नाव रोज बघत होते, आणि या नावाचा मॉनिटर जगात कुणी बनवत नाही हे एकदाही मनात आलं नाही. कर्नेलच्या पोटात काही ठरावीक मापांच्या तयार कुंडल्या असायच्या, ८००×६०० पासून १९२०×१०८० पर्यंत. मी फाइलचं नाव लिहिलं होतं, पण खरी फाइल नव्हतीच. कर्नेल स्वतःच्या खिशातली कुंडली काढून देत होता. ६.१ मध्ये तो खिसा होता. डेबियन १३ च्या ६.१२ मध्ये शिवून टाकलाय. इतकंच. कर्नेलवाल्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही; खोटी कुंडली कर्नेलने बाळगावी तरी का? पण अपग्रेडच्या वेळी कुणी कानात सांगितलं असतं तर चार संध्याकाळी वाचल्या असत्या.

'मग एक्सरँडआर या कमांडने मोड घाल की' असं म्हणणाऱ्यांसाठी: माझा डेस्कटॉप, प्लाझ्मा ६, जुन्या एक्स११ ऐवजी वेलँडवर चालतो. तिथे एक्सरँडआर यादी दाखवतं, पण नवा मोड घालायला गेलात तर ते दार रंगवलेलं आहे, उघडत नाही. मी उघडून पाहिलं.

म्हणून आधी सोपी वाट धरली. ग्रबमध्ये 'व्हिडिओ' पॅरामीटर, व्हीजीए-१, १९२०×१०८०, ६० हर्ट्झ. रीस्टार्ट. आणि आलं की हो १९२०! मी जागेवरून उठून चहा टाकला. परत येते तो आई खुर्चीत बसून जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन वाचत होती. आईने सत्तावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. तिच्यासमोर कुठलाही मजकूर ठेवणं धोक्याचं.

"अगं, हा कुठला फॉण्ट लावलास?"

"तोच आहे आई. लोहित."

"मग काने कुठे गेले? शिरोरेघ कशी ठणठणीत आहे बघ. इथे 'काका'चे काने आहेत, दोन बोटं पुढे 'मामा'चे पुसलेत. पुन्हा पुढे आहेत."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच की! आडव्या रेघा सगळीकडे सुरीने कापल्यासारख्या, उभ्या मात्र ठरावीक अंतराने धूसर. पडद्यावर वरपासून खालपर्यंत चार उभ्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांत आलेला प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटीचा दांडा पुसट. मी इतका वेळ 'अँटी-अलायसिंग बिघडलंय' असं धरून फॉण्टच्या सेटिंगमध्ये डोकं घालणार होते. रोमन लिपीत हे लक्षात यायला वेळ लागला असता. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी पट्टी आणि तिला लटकलेले उभे दांडे, म्हणजे फुकटचा टेस्ट पॅटर्न!

आडवं स्पष्ट आणि उभं पुसट, म्हणजे दोष आडव्या दिशेच्या वेळापत्रकात. व्हीजीए अॅनालॉग आहे. प्रत्येक ओळीत १९२० दिसणारे पिक्सेल आणि पुढे थोडी रिकामी जागा असते. मॉनिटरला त्या अखंड लहरीचे पुन्हा तुकडे पाडायचे असतात, आणि ओळीत एकूण किती तुकडे आहेत याचा तो अंदाज बांधतो. मी दिलेल्या ओळीवरून कर्नेलने स्वतःच्या सूत्राने मोड रचला होता: पिक्सेल क्लॉक १७२.८ मेगाहर्ट्झ, ओळीत एकूण २५७६. टीव्ही-मॉनिटरच्या जगातलं नेहमीचं १०८० म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ आणि ओळीत एकूण २२००. माझा मॉनिटर २२०० च्या ओळखीचा. आला २५७६ वाला. ऑटो बटण दाबल्यावर त्याने ओढूनताणून जुळवलं, पण चार तुकड्यांनी चुकला. जितक्या तुकड्यांची चूक, साधारण तितक्याच पट्ट्या.

मॉनिटरच्या मेन्यूत 'क्लॉक' आणि 'फेज' असतात. एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचं चित्र पूर्ण पडद्यावर लावलं, क्लॉक चार घरं सरकवलं, आणि पट्ट्या एकेक करून गेल्या. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! ते समाधान केव्हीएमचं बटण दाबेपर्यंत टिकलं. दुसऱ्या मशीनवर जाऊन परत आले की मॉनिटर सगळं विसरतो. ग्रबच्या 'व्हिडिओ' पॅरामीटरला 'एम' (म्हणजे दुसरं सूत्र) जोडून पाहिलं, तर क्लॉक १७३ आणि एकूण पुन्हा २५७६, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. 'एमआर' जोडून रिकामी जागा कमी केली: १३८.५ आणि २०८०. पट्ट्या कमी झाल्या, पण चित्र डावीकडे सरकून टास्कबारचा कोपरा बाहेर.

तेव्हा ठरवलं, आता अंदाजाने नाही. मॉनिटरची खरी कुंडली काढायची.

केव्हीएम बाजूला केला, केबल थेट लावली. सिसएफएसमध्ये (कर्नेलची माहिती फायलींसारखी दाखवणारी जागा) डीआरएमच्या फोल्डरात व्हीजीए-१ च्या खाली ईडीआयडी नावाची फाइल असते. एलएस केलं: आकार शून्य. केबल बदलली: शून्य. दुसऱ्या मशीनची केबल आणली: शून्य. मल्टिमीटर काढून १२ आणि १५ नंबरच्या पिना वाजवून पाहिल्या, दोन्ही केबलींत बीप. मग शून्य का? अर्धा तास गेल्यावर सुचलं की सिसएफएसमधली ही फाइल एलएसमध्ये नेहमीच शून्य दिसते. ती वाचली की भरते. बाइट मोजणाऱ्या डब्ल्यूसीला दिली: १२८ बाइट. पहिल्याच केबलवर १२८ बाइट आले असते. या अर्ध्या तासाबद्दल घरात कुणाला सांगितलेलं नाही.

ती १२८ बाइटं ईडीआयडी-डिकोडमधून काढली. (हे हत्यार ज्यांच्याकडे नाही त्यांनी आजच बसवा. मोड, क्लॉक, चेकसम, सगळं सरळ भाषेत सांगतं.) पहिला तपशीलवार मोड: १४८.५ मेगाहर्ट्झ, २२००. चेकसम बरोबर. फाइल फर्मवेअरच्या फोल्डरात ईडीआयडी नावाचा उपफोल्डर करून ठेवली, ग्रबच्या ओळीत नवं नाव, केव्हीएम परत मध्ये, रीस्टार्ट.

लॉगिनचा पडदा आला तो १९२० मध्ये. ऑटो बटण एकदा. पट्टी एकही नाही. केव्हीएम तिकडे, केव्हीएम इकडे, पट्टी नाही. आईला हाक मारणार होते, पण पावणेएक वाजला होता.

एक शेपूट उरलं होतं. बूट होताना लोगो अजून ताणलेला, कारण तेव्हा आय९१५ इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या इमेजमधून) उठतो आणि माझी फाइल तिथे नसते. त्यासाठी इनिटरॅमएफएसच्या हुक फोल्डरात चार ओळींची स्क्रिप्ट लागते. ती लिहिली, इमेज नव्याने बांधली, काहीच फरक नाही. स्क्रिप्टला एक्झिक्यूटची परवानगी द्यायची राहिली होती. अशा स्क्रिप्टला ते न ओरडता वगळतं. परवानगी दिली, झालं. आणि एचडीएमआयवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळा खड्डा आहे: एक्सरँडआर जिला एचडीएमआय-१ म्हणतं तिला कर्नेल एचडीएमआय-ए-१ म्हणतो. ग्रबमध्ये कर्नेलचंच नाव चालतं.

आता केव्हीएम. आतून उघडला. रंगांचे तीन, सिंकचे दोन, असे पाच सिग्नल फिरवणारी चिप, आणि १२-१५ च्या पिनांपासून एकही तांब्याची रेघ कुठे जात नाही. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' छापलेलं. कुठल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला ते लिहीत नाही, पण स्वस्त केव्हीएम घेताना 'डीडीसी पास-थ्रू' (कुंडलीच्या तारा आरपार जाणं) हे शब्द लेखी मागा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

खरं तर ही नोंद इथेच संपवून पंख्याकडे वळणार होते. पण हे लिहितानाच सुचलं: कुंडली शेवटी १२८ बाइटांचीच आहे, आणि २४सी०२ ही आठ पायांची चिप २५६ बाइट धरते, मॉनिटरच्याच पत्त्यावर, हेक्समध्ये ५०, बोलते. मग ती मशीन आणि केव्हीएमच्या मध्ये व्हीजीएच्या एखाद्या जोडणीतच का बसवू नये? ९ नंबरच्या पिनेवरून पाच व्होल्ट, १२ वर डेटा, १५ वर क्लॉक, पत्त्याचे तिन्ही पाय ग्राउंडला, आणि लिहून झालं की राइट-प्रोटेक्टचा पाय वर. मग ग्रबची ओळ नको, हुक नको, डेबियन १४ काय करेल याची धास्ती नको. चिपवर लिहायला बायॉस वाचवण्यासाठी घेतलेला सीएच३४१ए हा यूएसबी प्रोग्रॅमर आहेच. एक सावधगिरी: हे लिखाण मॉनिटर जोडलेला असताना त्याच वायरींवर करू नका, नाहीतर मॉनिटरची खरी कुंडलीच पुसाल.

शनिवारी तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन दोन चिपा आणि एक नर-मादी व्हीजीए जोडणी आणते. पुल-अप रेझिस्टर (तारेचं व्होल्टेज वर ओढून धरणारे) बोर्डाकडून मिळतात की बाहेरून लावावे लागतील हे मोजायचंय. एच६१ वर कुणी मोजलं असेल तर सांगा. पंखा तिथेच मिळतो, जमलं तर तोही. सकाळी आईने अंक पुन्हा उघडला, दोन पानं वाचली आणि म्हणाली, "काने आले. पण चौदाव्या पानावर 'दीपावली'चा 'दी' ऱ्हस्व आहे, तो तुझ्याकडून व्हायचा नाही."